मुंबई उपनगरातील ख्रिस्ती शाळेत प्रवेश : बाहेरगावाहून आलेल्या मराठी पालकांसाठी

आम्ही सांगलीहून बोरिवलीला राहायला आलो, तेव्हा मुलगा पाचवीत जाणार होता आणि मुलीला ज्युनिअर केजीत घालायचे होते. घर आयसी कॉलनी या ख्रिस्ती कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या भागाच्या शेजारी मिळाले आणि पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी सांगितले, “इथल्या कॉन्व्हेंट शाळा चांगल्या आहेत, पण प्रवेश कठीण असतो.” कठीण म्हणजे नेमके काय, हे मात्र कोणीच नीट सांगू शकले नाही. एकाने देणगी लागते म्हणून सांगितले, दुसऱ्याने ओळख लागते म्हणून, आणि तिसऱ्याने तर हिंदू मुलांना घेतच नाहीत असेही सांगून टाकले. त्या वर्षी मुलीचा अर्ज भरण्याची तारीख आमच्या हातून गेली आणि ते वर्ष तिला दुसऱ्या बालवाडीत काढावे लागले.

मुलाला मात्र त्याच वर्षी पाचवीत प्रवेश मिळाला. पुढच्या वर्षी आम्ही नीट चौकशी केली आणि मुलीचाही प्रवेश झाला; दोन्ही प्रवेश कोणाच्याही ओळखीशिवाय झाले. त्या दोन वर्षांत जे कळले ते वांद्र्यापासून दहिसरपर्यंत, तसेच मीरा-भाईंदर आणि वसईकडे राहायला येणाऱ्या, ख्रिस्ती नसलेल्या पालकांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे क्रमाने लिहीत आहे.

1. शाळा नेमकी कोणाची आहे, हे आधी शोधा

मराठीत ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द आपण कोणत्याही इंग्रजी माध्यमाच्या शाळेसाठी वापरतो आणि पहिला गोंधळ येथूनच सुरू होतो. खऱ्या अर्थाने कॉन्व्हेंट म्हणजे जोगिणींचा, म्हणजेच सिस्टर्सचा मठ. आणि कॉन्व्हेंट शाळा म्हणजे त्या मठाने चालवलेली शाळा. आज मात्र नावापुढे ‘सेंट’ किंवा मागे ‘कॉन्व्हेंट’ लावलेल्या, परंतु चर्चशी काहीही संबंध नसलेल्या अनेक खासगी शाळा उपनगरांत आहेत. त्या वाईट असतात असे माझे म्हणणे नाही. परंतु त्यांचे नियम, शुल्क आणि प्रवेशाची पद्धत वेगळी असते, आणि पालक दोन्हींना एकच समजून चालतात.

खऱ्या ख्रिस्ती शाळांतही दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला प्रकार पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या शाळांचा. त्यांचा व्यवस्थापक, ज्याला सगळे ‘मॅनेजर’ म्हणतात, तो बहुधा त्या चर्चचा मुख्य धर्मगुरू असतो. मुंबई महाधर्मप्रांताच्या अशा शाळांचा कारभार आर्चडायोसिझन बोर्ड ऑफ एज्युकेशन या मंडळाच्या देखरेखीखाली चालतो. दुसरा प्रकार धर्मसंघांच्या शाळांचा: वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस ही 1863 साली सुरू झालेली शाळा येशूसंघीयांची, म्हणजे जेज्विटांची आहे, डॉन बॉस्को शाळा सलेशियन संघाच्या आहेत, आणि मुलींच्या अनेक शाळा वेगवेगळ्या सिस्टर्सच्या संघांकडे आहेत. वसईकडे गेलात तर धर्मप्रांतच वेगळा आहे. तो 1998 मध्ये मुंबईपासून स्वतंत्र झाला. तेथील ख्रिस्ती समाज बहुतांशी मराठी आणि मराठीच्याच बोली बोलणारा असल्यामुळे चर्चच्या मराठी माध्यमाच्या शाळाही त्या भागात आढळतात, ही गोष्ट मुंबईत राहणाऱ्या पुष्कळ पालकांना ठाऊकच नसते.

हा फरक कळल्याने नेमका काय फायदा होतो? पॅरिशच्या शाळेत त्या चर्चच्या हद्दीतील कॅथलिक कुटुंबांना पहिला मान असतो, तर धर्मसंघाच्या शाळेत हद्दीपेक्षा भावंडे आणि माजी विद्यार्थी यांना अधिक वजन मिळू शकते. शाळेच्या सूचना फलकावर किंवा माहितीपत्रकावर संस्थेचे नाव, मंडळ आणि यू-डायस क्रमांक, म्हणजे प्रत्येक शाळेला मिळालेला सरकारी ओळख क्रमांक, दिलेला असतो. तो क्रमांक यू-डायसच्या संकेतस्थळावर टाकला की शाळेचे व्यवस्थापन, माध्यम, इयत्ता आणि मान्यता दिसते. अर्ज विकत घेण्यापूर्वी ही पाच मिनिटे अवश्य द्या.

2. प्राधान्यक्रमात आपण कुठे आहोत, हे मान्य करा

राज्यघटनेच्या कलम 30 नुसार धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. या शाळा त्या हक्कातून उभ्या आहेत आणि स्वतःच्या समाजाच्या मुलांना आधी घेणे हा त्यांचा मूळ उद्देश आहे. पहिल्या वर्षी मला याचा राग आला होता. मुलगी हुशार असताना धर्म कशाला पाहायचा, असे वाटत होते. नंतर एका सिस्टरांनी शांतपणे समजावले की शेजारच्या वस्तीतील गरीब कॅथलिक कुटुंबांची मुले बाहेर राहिली, तर ही शाळा ज्यांच्यासाठी काढली त्यांनाच ती मिळणार नाही. मला ते पटले, आणि त्यानंतर पुढची सगळी प्रक्रिया मनावर घेऊन करणे सोपे गेले.

साधारणपणे क्रम असा दिसतो: त्याच पॅरिशमधील कॅथलिक मुले, इतर कॅथलिक, इतर ख्रिस्ती, शाळेत आधीपासून असलेल्या मुलांची भावंडे, शाळेतील कर्मचाऱ्यांची आणि माजी विद्यार्थ्यांची मुले, आणि त्यानंतर परिसरातील इतर सर्व. प्रत्येक शाळेचा क्रम थोडा निराळा असतो, म्हणून तो कार्यालयात थेट विचारा. बहुतेक ठिकाणी तो लपवला जात नाही.

येथे दोन सापळे आहेत. जैन, बौद्ध किंवा मुस्लिम पालकांना वाटते की आपणही अल्पसंख्याक आहोत, तेव्हा अल्पसंख्याक शाळेत आपल्याला अग्रक्रम मिळेल. तसे नसते, कारण शाळा ज्या समाजाची आहे त्याच समाजापुरता तो अग्रक्रम असतो. दुसरा सापळा शिक्षण हक्क कायद्यातील (आरटीई) 25 टक्के राखीव जागांचा. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असा निकाल दिला. 2025 मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सोपवला आहे. त्यावर निर्णय होईपर्यंत जुना निकाल धरूनच चालावे लागते, म्हणून आरटीईच्या यादीत ही शाळा शोधत बसू नका आणि तेथे भरलेल्या अर्जाच्या भरवशावर येथील अर्ज सोडू नका.

मात्र ‘हिंदू मुलांना घेतच नाहीत’ हेही चुकीचे आहे. सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेने केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणाने प्रवेश नाकारू नये, असे कलम 29 सांगते, आणि 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठानेही अनुदानित अल्पसंख्याक संस्थांनी वाजवी प्रमाणात इतरांना सामावून घ्यावे, असे म्हटले आहे. प्रत्यक्षात उपनगरातील अनेक चर्च-शाळांच्या वर्गांत निम्म्याहून अधिक मुले बिगरख्रिस्ती दिसतील.

3. वय मोजा आणि तारखा लिहून ठेवा

महाराष्ट्र शासनाच्या 2020 च्या निर्णयानुसार प्रवेशाच्या वर्षातील 31 डिसेंबरला मुलाचे किमान वय नर्सरीसाठी 3, ज्युनिअर केजीसाठी 4, सीनियर केजीसाठी 5 आणि पहिलीसाठी 6 वर्षे पूर्ण असावे लागते. उदाहरणार्थ, जून 2026 मध्ये ज्युनिअर केजीत जाणारे मूल 31 डिसेंबर 2022 रोजी किंवा त्यापूर्वी जन्मलेले असावे. ज्या शाळा राज्य मंडळाऐवजी आयसीएसई मंडळाशी जोडलेल्या आहेत, त्यांची स्वतःची तारीख अधिक कडक असू शकते. ती त्यांच्याच पत्रकावरून पडताळा.

ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांच्या पालकांनी घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नियमात बसते म्हणून घातलेले मूल वर्गात सर्वांत लहान ठरते आणि दहावीपर्यंत लहानच राहते.

आता तारखा. शाळा जूनमध्ये सुरू होते, पण केजीचे अर्ज त्याच्या आधीच्या हिवाळ्यातच दिले जातात. आमच्या भागात डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ असतो आणि अर्जाची खिडकी काही वेळा दोन-तीन दिवसच उघडी राहते. त्यातच 25 डिसेंबरपासून नवीन वर्षापर्यंत नाताळची सुट्टी असते. आमची चूक नेमकी येथे झाली: सुट्टीनंतर चौकशी करू असे म्हणत आम्ही थांबलो, आणि जानेवारीत गेलो तेव्हा यादीसुद्धा लागून गेली होती. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून शाळेचा सूचना फलक आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहा; काही शाळा आता ऑनलाइन अर्ज घेतात, परंतु फाटकावरच्या फलकावर सूचना आधी लागलेली मी स्वतः पाहिली आहे. एकाच शाळेवर न थांबता किमान तीन ठिकाणी अर्ज करा.

आणखी एक प्रश्न आधीच विचारून ठेवा: मुलींच्या शाळेत केजीला मुलगे घेत असतील, तर ते कोणत्या इयत्तेपर्यंत? काही ठिकाणी मुलग्यांना पुढे दुसरी शाळा शोधावी लागते.

4. कागदपत्रे

मूळ प्रती आणि प्रत्येकी तीन छायाप्रती एका फाइलमध्ये लावून ठेवा.

– महानगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, बाळाच्या नावासहित
– मुलाचे आणि दोन्ही पालकांचे आधार कार्ड
– राहत्या पत्त्याचा पुरावा. भाड्याचे घर असल्यास नोंदणीकृत करारनामा
– लसीकरणाचे कार्ड
– मुलाची आणि पालकांची पासपोर्ट आकाराची छायाचित्रे
– मागासवर्गीय असल्यास वडिलांचा किंवा घरातील कोणाचा तरी जातीचा दाखला
– भावंड त्याच शाळेत असल्यास त्याचे चालू वर्षाचे प्रगतिपुस्तक. पालक माजी विद्यार्थी असल्यास त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला
– ख्रिस्ती कुटुंब असल्यास बाप्तिस्म्याचा दाखला आणि पॅरिशच्या धर्मगुरूंचे पत्र

जन्मदाखल्यातच सर्वांत जास्त अडचणी निघतात. रुग्णालयातून गेलेल्या नोंदीत पुष्कळदा बाळाचे नावच नसते, आणि पालकांना ते शाळेच्या खिडकीपाशी कळते. नाव जन्मानंतर 12 महिन्यांत विनाशुल्क आणि त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंदवता येते, पण त्याला काही दिवस जातात. जन्मदाखला, आधार आणि भाडेकरार या तिन्हींवरचे इंग्रजी स्पेलिंग एकमेकांशी जुळवून पाहा. आमच्या आडनावात एका ठिकाणी एक जास्तीचे अक्षर होते आणि त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागले. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम लिहायचा आहे. ही मुले आता बालवाडीच्या वयाला येत आहेत, तेव्हा सर्व कागदांवर हाच क्रम राहील याची काळजी आतापासून घ्या.

बाप्तिस्म्याचा खोटा दाखला ‘करून देतो’ म्हणणारा माणूस भेटला, तर त्याच्याशी बोलूही नका. बाप्तिस्म्याची नोंद चर्चच्या वहीत असते आणि शाळा ती सहज तपासू शकते. शिवाय दुसऱ्याच्या श्रद्धेच्या संस्काराचा असा वापर करणे अत्यंत अनुचित आहे.

5. अर्ज आणि भेट

अर्जात ‘हीच शाळा का?’ असा रकाना असतो. तेथे शाळेची स्तुती लिहू नका. घर किती अंतरावर आहे, मूल कसे येईल-जाईल, घरात कोणती भाषा बोलली जाते, हे साध्या शब्दांत लिहा. घरात मराठी बोलतो हे लपवण्याची गरज नाही. मुलीला त्या वेळी इंग्रजीची मोजकीच वाक्ये येत होती आणि प्राचार्या सिस्टरांनी तिच्याशी अर्धे बोलणे मराठीतच केले.

भेट साधारण दहा मिनिटांची असते. धर्मगुरूंना ‘फादर’, जोगिणींना ‘सिस्टर’ म्हणतात. प्राचार्य अनेक शाळांत आता धर्मगुरू किंवा सिस्टर नसलेले शिक्षकच असतात, त्यांना ‘सर’ किंवा ‘मॅडम’. आई-वडील दोघांनीही जावे. मुलाला रंग, आकडे आणि कविता घोकून घेऊन जाऊ नका. मूल आई-वडिलांपासून दोन मिनिटे दूर बसते का, विचारलेले ऐकते का, एवढेच बहुतेक वेळा पाहिले जाते. आम्हाला विचारलेले प्रश्न होते: मुलीला दुपारी कोण सांभाळते, पालकसभांना दोघांपैकी कोण येईल, आणि शाळेतील प्रार्थनेविषयी काही हरकत आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरून ठरवून जा, आणि ते खरे असू द्या.

6. पैसे

अनेक जुन्या चर्च-शाळांत केजीचा विभाग विनाअनुदानित असतो, तर पुढचे वर्ग अनुदानित असतात. त्यामुळे केजीचे शुल्क जास्त आणि पहिलीनंतर ते कमी, असे उलटे चित्र दिसते. ते पाहून घाबरू नका, पण कोणता वर्ग आणि कोणती तुकडी अनुदानित आहे हे लेखी विचारा. एकाच शाळेत अनुदानित आणि विनाअनुदानित तुकड्या शेजारी-शेजारी असू शकतात आणि दोहोंच्या शुल्कात मोठा फरक असतो.

प्रवेशाच्या बदल्यात देणगी किंवा कॅपिटेशन फी घेण्यास महाराष्ट्रात 1987 च्या कायद्याने मनाई आहे. शुल्क ठरवण्यासाठी 2011 चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्यानुसार व्यवस्थापनाचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जातो आणि ठरलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षे लागू राहते. म्हणून जी रक्कम द्याल ती संस्थेच्या नावाने, पावती घेऊनच द्या. फाटकाबाहेर, झेरॉक्सच्या दुकानात किंवा सोसायटीच्या ग्रुपवर ‘मॅनेजर ओळखीचे आहेत, काम करून देतो’ म्हणणारे लोक दरवर्षी डिसेंबरमध्ये उगवतात. आमच्या इमारतीतील एका कुटुंबाने अशा माणसाला रोख रक्कम दिली. त्यांच्या मुलाचे नाव यादीत आले नाही आणि पैसेही परत मिळाले नाहीत.

परिस्थिती हलाखीची असेल तर संकोच न करता प्राचार्यांना भेटा. गरजू मुलांचे शुल्क हप्त्यांत घेण्याची किंवा काही भाग माफ करण्याची सोय या शाळांत असू शकते, मात्र ती मागितल्याशिवाय मिळत नाही.

7. शाळेतील धार्मिक वातावरणाविषयी आधीच स्पष्टता

दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होते. वर्गात क्रूस असतो, आवारात मरियामातेचा पुतळा किंवा लहानसे स्थान असते, शाळेच्या आश्रयदात्या संताचा सण साजरा होतो आणि गुड फ्रायडेला सुट्टी असते. कॅथलिक मुलांसाठी धर्मशिक्षणाचा तास असतो. त्याच वेळी इतर मुलांना नीतिशिक्षण दिले जाते. माझ्या मुलांना ‘आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना पाठ आहे आणि संध्याकाळची ‘शुभं करोति’ही, घरात यावरून कधी ताण झाला नाही.

तरीही नियम माहीत असावा. राज्यमान्य किंवा अनुदानित संस्थेत शिकणाऱ्या व्यक्तीला तिच्या, आणि ती अल्पवयीन असल्यास पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, असे कलम 28 सांगते. हरकत असल्यास ती प्रवेशाच्या वेळीच लेखी आणि सौम्य भाषेत नोंदवा. जूनमध्ये प्रवेश घेऊन ऑगस्टमध्ये वाद घालण्याने मुलाचीच कुचंबणा होते. त्याचप्रमाणे मेंदी, बांगड्या, टिकली, राखी, केसांची लांबी यांविषयीचे गणवेशाचे नियम दिनदर्शिकेच्या वहीत छापलेले असतात. सही करण्यापूर्वी ते वाचा, आणि एखादा नियम आपल्या घरच्या रीतीच्या आड येत असेल तर त्याच वेळी विचारा. आम्ही गणपतीत गावी जातो हे आधी सांगितल्यामुळे चाचणीच्या तारखेची अडचण वर्गशिक्षिकांनी स्वतः सोडवली.

मराठीविषयीही याच टप्प्यावर विचारा. 2020 च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी अनिवार्य आहे. पण ती दुसरी भाषा म्हणून आहे की तिसरी, यावर पुस्तक आणि पातळी ठरते. ज्यांच्या घरी मराठी आहे त्यांनी शक्य असल्यास वरची पातळी मागावी.

8. मधल्या इयत्तेत येणार असाल तर

मुलाच्या पाचवीच्या प्रवेशाने मला सर्वांत जास्त दमवले. मधल्या इयत्तांत जागा फक्त कोणी शाळा सोडल्यावर रिकामी होते, त्यामुळे एप्रिलचा निकाल लागल्यापासून जूनच्या मध्यापर्यंत कार्यालयात पुन्हा पुन्हा जावे लागते. ज्या शाळांत प्राथमिक चौथीपर्यंत आणि माध्यमिक पाचवीपासून आहे, तेथे पाचवीला एखादी तुकडी वाढण्याची शक्यता असते. हा प्रश्न जरूर विचारा.

जुन्या शाळेतून मूळ शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका तर घ्याच, शिवाय यू-डायस प्लसवर मुलाचा कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक नव्या शाळेकडे सोडला गेला आहे, याची खात्री करा. दाखला हातात आणि नोंद मात्र जुन्याच शाळेत, अशी स्थिती आमच्याकडे ऑगस्टपर्यंत राहिली आणि त्यासाठी सांगलीला दोन फेऱ्या झाल्या. परराज्यातून येत असाल तर दाखल्यावर तेथील शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच निघा. नव्या शाळेत जागा निश्चित झाल्याचे लेखी पत्र मिळेपर्यंत जुन्या शाळेतून दाखला काढू नका.

तक्रारीची वेळ आलीच, तर मुंबईत माध्यमिक वर्गांसाठी विभागीय शिक्षण निरीक्षक आणि प्राथमिकसाठी महानगरपालिकेचा शिक्षण विभाग आहे. वसईकडे जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. त्याआधी मात्र शाळेच्या मॅनेजरांना लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या.

9. शुल्क भरल्याच्या दिवशीच जनरल रजिस्टर पाहा

प्रवेश निश्चित झाला की पालक पेढे आणायला धावतात. त्यापूर्वी कार्यालयात दहा मिनिटे थांबा आणि जनरल रजिस्टरमधील, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीतील, नोंद दाखवण्याची विनंती करा. मुलाचे पूर्ण नाव, आईचे नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ, धर्म, जात आणि पोटजात हे रकाने एकेक करून वाचा. पुढे जातीचा दाखला, जात पडताळणी, पासपोर्ट अशा प्रत्येक ठिकाणी शाळेच्या दाखल्यावरची हीच नोंद पुढे येते. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत लिपिकाला आपल्या जातीचे आणि पोटजातीचे नेमके नाव ठाऊक असेलच असे नाही. ‘हिंदू’ एवढेच लिहून पुढचा रकाना कोरा सोडल्याची उदाहरणे माझ्या माहितीत तीन आहेत. मूल शाळेत असेपर्यंत पुराव्यानिशी दुरुस्तीचा अर्ज करता येतो, परंतु शाळा सोडल्यानंतर तीच दुरुस्ती अतिशय किचकट होते.

नोंद बरोबर असल्यास तिचे छायाचित्र काढू देतात का ते विचारा. नसेल देत, तर प्रवेश क्रमांक आणि तारीख आपल्या वहीत टिपून घ्या आणि शुल्काच्या पावतीवर तोच क्रमांक आहे, हे तेथेच उभे राहून पाहा.